पार्श्वभूमी: बेलापूरच्या टेबलांमागचे पाचशे मीटर

शनिवारी रात्री साडेनऊला नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या सेक्टर १५ मध्ये गाडी लावायला जागा सापडत नाही. एकेकाळी इथे ऑफिसांचे दिवे मालवले की पाठोपाठ रस्ताही झोपायचा. आता त्याच रस्त्यावर टेबलासाठी नाव लिहून थांबावं लागतं. आत काउंटरमागे नळांची रांग असते आणि वेटर 'कुठली बिअर' असं न विचारता 'गव्हाची की कडवट' असं विचारतो. या बदलाचं श्रेय बहुतेक जण नव्या पिढीच्या चवीला देतात. मला ते अपुरं वाटतं. बेलापुरात कुठे हॉटेल चालेल आणि कुठे नाही, हे गेल्या दहा वर्षांत चवीपेक्षा सरकारी रेषांनी जास्त ठरवलं. महामार्गाची कड, दोन जिल्ह्यांमधली हद्द आणि परवान्यावरचा नियम, या त्या रेषा. हे टिपण त्या रेषांबद्दल आहे.

मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे जोडशहर वसवावं, हा प्रस्ताव १९६५ चा. १९७० मध्ये त्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन आराखड्यात आली आणि बेलापूरच्या वाट्याला शहराचा मुख्य व्यापारी भाग, म्हणजे 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट' (सीबीडी), होण्याचा मान आला. राज्याचा कारभार इकडे हलेल आणि त्यामागून कंपन्या येतील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात मंत्रालय होतं तिथेच राहिलं आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून मनोरे चढले. बेलापूरला कोकण भवन मिळालं, विभागीय कार्यालयं मिळाली, बँकांच्या इमारती मिळाल्या. लोकल यायला १९९३ उजाडलं. 'सीबीडी' ही अक्षरं मात्र स्टेशनच्या पाटीवर कायमची चिकटली. आज ती म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या मनात व्यापारी केंद्र वगैरे काही नसतं, ते फक्त गावाचं नाव झालं आहे.

अशा वस्तीत जेवणाची सोय ऑफिसच्या घड्याळाने ठरते. उडपी हॉटेलं सकाळी इडलीला आणि दुपारी राइस प्लेटला भरायची, मालवणी खाणावळी बुधवार-शुक्रवारी माशाच्या थाळीला. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून ताजी मासळी यायची. शहाबाज, आग्रोळी या गावांतल्या आगरी कुटुंबांना शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात 'साडेबारा टक्के' योजनेतून परत मिळालेल्या भूखंडांवर इमारती झाल्या आणि त्यांच्या तळमजल्यांवर गाळे निघाले. शहरातल्या किती हॉटेलांखाली अशी 'साडेबारा टक्के'ची जमीन आहे, याचा विचार तिथे जेवणारे फारसे करत नाहीत. संध्याकाळी उघडी राहणारी जागा म्हणजे परमिट रूम. काळ्या काचा, वातानुकूलित अंधार, बायकामुलांना घेऊन जाण्यासारखी नव्हेच. त्यातल्या काही ठिकाणी बारबाला होत्या. २००५ च्या डान्सबार बंदीनंतर तिथे ऑर्केस्ट्राच्या पाट्या लागल्या. बेलापूरच्या बारांची जी प्रतिमा झाली ती याच काळातली, आणि आजच्या नव्या जागांना ती अजून निस्तरावी लागते.

'परमिट' हा शब्दही जुन्या कायद्यातून आला आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. नंतर बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री पिणाऱ्याकडे पिण्याचा परवाना असावा लागतो, अगदी एका दिवसाचासुद्धा. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक मद्यासाठी २५ ची. म्हणजे इथे पिणं ही मुभा आहे आणि ती सरकार देतं. पुढचा सगळा गोंधळ या एका गोष्टीतून समजतो. मुभा देणारा हात ती मागे घेऊ शकतो, आणि मालकाचं सगळं भांडवल दरवर्षी नूतनीकरण कराव्या लागणाऱ्या एका कागदावर टांगलेलं असतं.

तो हात १५ डिसेंबर २०१६ ला मागे आला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, नवे परवाने देऊ नका आणि असलेले १ एप्रिल २०१७ च्या पुढे चालवू नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला. कारण गंभीर होतं. २०१५ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ४६ हजारांवर माणसं गेली होती. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना रोखायला हवं, यावर कुणाचंही दुमत नव्हतं, माझंही नाही. वाद होता तो मोजपट्टीचा.

पहिले साडेतीन महिने अनेक मालक निर्धास्त होते. आदेश वाइन शॉपसाठी आहे, बसून पिण्याच्या हॉटेलांसाठी नाही, असा अर्थ लावला जात होता. ३१ मार्च २०१७ ला, म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी, न्यायालयाने स्पष्ट केलं की हॉटेलं आणि परमिट रूमही यात येतात. २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांत अंतर २२० मीटरवर आलं, मोठ्या शहरांत ५०० च राहिलं. एका रात्रीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक परवानाधारक जागांची विक्री थांबली.

नवी मुंबईवर याचा घाव वेगळा पडला, तो का हे नकाशा पाहिल्यावरच कळतं. सायन-पनवेल महामार्ग या शहराच्या कडेने जात नाही, तो पोटातून जातो. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, सगळी उपनगरं त्याच्या दोन्ही अंगांना वसली आहेत, कारण शहराची आखणीच त्याला कणा मानून झाली. खेड्यातल्या ढाब्यासाठी ५०० मीटर म्हणजे माळरान. बेलापुरात ५०० मीटर म्हणजे कोकण भवन, बँका, बाजार आणि राहत्या इमारती. पाम बीच रस्ता महापालिकेचा, म्हणून त्याच्या कडेचं हॉटेल त्या रस्त्यामुळे अडत नव्हतं. पण तेच हॉटेल सायन-पनवेलच्या वर्तुळात शिरलं की अडायचं. दोन्ही रस्त्यांवर गाड्यांचा वेग तोच, चालवणारी माणसंही तीच.

मग मोजायचं कसं, हा प्रश्न आला. सरळ रेषेत, की माणूस ज्या वाटेने चालत जाईल त्या वाटेने? कड मुख्य रस्त्याची धरायची की सर्व्हिस रोडची? आदेशात सर्व्हिस रोडचा उल्लेख होता, त्यामुळे वर्तुळ आणखी आत सरकलं. उड्डाणपूल आणि भिंतींमुळे महामार्गावरून जिथे पोहोचायला लांबचा फेरा पडतो, अशी हॉटेलंही सरळ रेषेत आत आली. जळगाव, यवतमाळसारख्या शहरांत तर महामार्गच स्थानिक संस्थांकडे सोपवून प्रश्न मिटवता येईल का, याची चाचपणी झाली. रस्त्याचं नाव बदललं की अपघात कमी होत नाहीत, हे उघड होतं. नियम कुठे अडकला होता, ते यावरून दिसतं.

त्या उन्हाळ्यात बेलापूर-वाशीतल्या हॉटेलांवर काय बेतलं, त्याची नोंद कुठल्याही निकालपत्रात नाही. परवाना मालकाचा असतो, पण मद्याच्या बिलावर वेटरचं, बारमनचं, तंदुरवाल्याचं पोट चालतं. काहींनी कामगार गावी पाठवले. काहींनी परमिट रूमचे पडदे उतरवून, भिंती उजळ रंगवून, कुटुंबांसाठी जेवणाचं हॉटेल म्हणून धंदा चालू ठेवला. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. काळ्या काचा निघाल्या त्या आधी सक्तीने निघाल्या, हौस मागून आली. दारूविना गल्ला भरायचा तर स्वयंपाक सुधारावा लागतो, हा धडा ज्यांनी त्या तीन महिन्यांत घेतला ते पुढच्या काळात टिकले.

११ जुलै २०१७ ला चंदीगडच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की हा आदेश महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना रोखत नाही. शहरांतल्या जागा टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींबाबतही राज्यांना ठरवण्याची मोकळीक मिळाली. पाचशे मीटरचं वर्तुळ पुसलं गेलं, पण त्या जागी नवी रेषा उमटली. तुम्ही महापालिकेच्या हद्दीत आहात की बाहेर, यावर आता सगळं ठरू लागलं.

आणि बेलापूरच्या शेजारीच खारघर आहे. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबई महापालिकेत. खारघर रायगड जिल्ह्यात. आराखडा एकाच हाताने काढलेला, कारभार दोन. खारघर ग्रामपंचायत होती तेव्हा गावाने दारू नको असा ठराव केला आणि परिसर दारूमुक्त म्हणून ओळखला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, ग्रामपंचायत विसर्जित झाली आणि त्या ठरावाचं काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. परवाना दिल्याच्या बातम्या आल्या तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. राज्यात दारूचं दुकान बंद करायला 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान घेण्याची तरतूद आहे आणि महिला मतदारांच्या मागणीवरून ते घेता येतं. पण ते दुकान आल्यानंतरचं. दुकान येण्याआधीच नको म्हणणाऱ्या वस्तीचं म्हणणं कायद्यात कुठे बसवायचं, याचं नीट उत्तर अजून मिळालेलं नाही. खारघरच्या लोकांचा आग्रह मी समजू शकतो. त्यांनी शाळा-कॉलेजांभोवती वाढलेली वस्ती राखली. त्याचा दुसरा परिणामही तितकाच खरा आहे: खारघरला ज्यांना जेवणासोबत बिअर हवी असते, ते एक स्टेशन मागे येतात. बेलापूरच्या शनिवारच्या रांगेत हे गिऱ्हाईक मोठं आहे.

स्थानिक बिअरची कहाणी याच्याशी समांतर चालली. या भागाला बिअर नवी नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठा कारखाना आहे आणि तिथून बाटल्या भरून बाहेर जातात. नवं आलं ते हॉटेलातच बिअर गाळण्याचं तंत्र. पुण्यात २००९ मध्ये त्याची सुरुवात झाली, मुंबईत लोअर परळला २०१३ मध्ये. मग डोंबिवलीच्या एमआयडीसीत छोट्या प्रमाणावर बिअर बनवून केगमधून (छोट्या पिंपांतून) हॉटेलांना पुरवणारा उद्योग उभा राहिला आणि ठाणे-नवी मुंबईच्या टेबलांपर्यंत ताज्या बिअरचं अंतर एकदम कमी झालं.

हॉटेलातल्या ब्रुअरीला जागा लागते. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गाळलेला रस उकळायचं भांडं, आंबवायच्या टाक्या, थंड साठवण. 'एल' प्रकारची साधी बिअर तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, 'लागर' प्रकारच्या बिअरला त्याहून जास्त, आणि तोवर टाकी अडकून पडते. सोसायटीखालच्या गाळ्यात हे मावत नाही. व्यापारी भूखंडावरच्या उंच छताच्या तळमजल्यात मावतं, आणि असे तळमजले बेलापुरात ऑफिसांसाठी बांधून कित्येक वर्षं पडून होते. १९७० च्या दशकात कंपन्या येतील म्हणून आखलेली जागा अखेर टेबलं मांडायला कामी आली.

त्यानंतरचं सगळं अजून ताजं आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि कोकण भवनावर विसंबलेल्या उडपी हॉटेलांचा शनिवार गेला. महिन्याभरात टाळेबंदी आली. हॉटेलांत बसून जेवायला ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, तोवर कित्येक जुन्या खाणावळींचं शटर वर गेलंच नाही. त्यांच्या जागी जे आले ते दुपारवर नव्हे तर रात्रीवर धंदा बांधणारे होते. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्क्यांवर गेला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. त्या दिवशी सेक्टर १५ मध्ये राहणाऱ्या काहींनी शांत झोप मिळाल्याचं समाधान व्यक्त केलं असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. गाड्यांचे हॉर्न, गच्चीवरचं संगीत आणि मध्यरात्रीनंतरचा गोंगाट यांच्याबद्दलच्या त्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. मार्च २०२५ मध्ये सोसायटीच्या आवारात मद्यविक्रीचं नवं दुकान उघडायला सोसायटीचा ना-हरकत दाखला सक्तीचा करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. पण ती दुकानांपुरती. रस्त्यापलीकडच्या व्यापारी इमारतीतल्या हॉटेलाला समोरच्या सोसायटीचं मत विचारावं लागत नाही.

१७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. अकरा स्थानकं, सुमारे अकरा किलोमीटर, मधे संपूर्ण खारघर. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. बेलापूरच्या भाड्यांवर आणि हॉटेलांच्या गुंतवणुकीवर या तिन्हींची छाप दिसते. मेट्रो सुरू झाली तेव्हा तिची वेळ सकाळी सहा ते रात्री दहा अशी ठेवली होती. बेलापूरची टेबलं मात्र साडेनऊनंतर भरतात. त्यामुळे खारघरहून मेट्रोने आलेला माणूस जेवून परतताना रिक्षा शोधतो, नाहीतर पुढच्या वेळी स्वतःची गाडी घेऊन येतो आणि मध्यरात्री सायन-पनवेल महामार्गावरूनच घरी जातो.