गाणं तीन मिनिटांतच संपलं? पुन्हा डाउनलोड करू नका

आमचा 99 रुपयांचा जुन्या ख्याल-ठुमरीचा संच घेतलेल्यांचा फोन ठरलेला: "अहो, फाइल अर्धवट आलीय. आत्ता कुठे रंग भरतोय, तोवर बंद!"

फाइल पूर्ण आहे, तबकडीच तेवढी होती. लाखेच्या 10 इंची तबकडीची एक बाजू मिनिटाला 78 फेरे घेत तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. 12 इंची असली तर चार-साडेचार. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा: मुखडा, थोडी आलापी, ताना, सम, झालं. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर, त्या काळच्या सगळ्या गवयांच्या 78 च्या तबकड्या अशाच.

पण होतं काय, अर्धवट आलं समजून मंडळी पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात. लिंक पाचदाच चालते. एका काकांनी एका रात्रीत पाचही वेळा संपवली आणि सकाळी दुकान उघडायच्या आत फोन केला. नवी लिंक आम्हाला हाताने करून द्यावी लागते, त्यात दोघांचाही वेळ जातो. त्याआधी फाइलचा आकार बघा. आमची एमपी3 320 केबीपीएसची असते, म्हणजे मिनिटाला साधारण 2.4 एमबी. तीन मिनिटांचं गाणं सात एमबीच्या आसपास भरलं की सगळं आलं. (फोनवर झिप आधी एक्स्ट्रॅक्ट करा, नाहीतर काहीच वाजणार नाही.)

जुन्या गायिका गौहर जान यांच्या गाण्याच्या शेवटी बाई इंग्रजीत काहीतरी बोलतात, ती जाहिरात नव्हे. 1902 मध्ये कलकत्त्यात झालेली ध्वनिमुद्रणं तबकड्या करायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. गाणं कुणाचं हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून त्या स्वतःचं नाव सांगत. ते आम्ही कापत नाही, कापणारही नाही.

99 ला परवडतं कारण आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, आणि या बंदिशी पारंपरिक आहेत. भावगीतं या संचात नाहीत ती याचसाठी: कवी-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतरही 60 वर्षं राहतो. "हेच नेटवर फुकट मिळतं" असंही ऐकतो. मिळतं, पण सूर तपासून घ्या. सुरुवातीच्या कित्येक तबकड्या नेमक्या 78 वर मुद्रित झालेल्याच नव्हत्या. 70 ची तबकडी 78 ने फिरवली की सूर चढतो, पेटीवरच्या काळी चारचा षड्ज (सा) थेट काळी पाचला! आम्ही प्रत्येक तबकडीची गती कानाने लावतो, पैसे त्याचे घेतो. खरखर मात्र बेतानेच काढतो. फार पुसली तर आवाजाची धारही जाते.

तेव्हा खरेदी करताना गाण्यांची संख्या बघू नका, एकूण मिनिटं बघा. 24 ध्वनिमुद्रणं म्हणजे जेमतेम सव्वा तास. निवांत विलंबित (संथ लयीतला ख्याल) ऐकायचं असेल तर एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांच्या, काळातला संच घ्या, तिथे एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात. त्याला 350 रुपये पडतात, कारण त्याचे हक्क अजून कंपनीकडे आहेत आणि आम्ही ते रीतसर घेतो. जुन्या संचाच्या ग्राहकांना त्यात 50 रुपये सूट आहे, फक्त ऑर्डर क्रमांक कळवा.