मानसिक भयपट (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

मानसिक भयपट : भीतीचे कारण बाहेर आहे की पात्राच्या डोक्यात, याचा निकाल ज्या चित्रपटात शेवटपर्यंत लागत नाही, किंवा फार उशिरा लागतो, तो मानसिक भयपट. भुताच्या सिनेमात हडळ एकदा दिसली की प्रश्न मिटतो, पुढे नुसती पळापळ उरते. इथे जे दिसले त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेच ठरत नाही. लागणारे साहित्य मोजके असते : एकच जागा, एक-दोन माणसे, बाहेर पडायची बंद झालेली वाट आणि उडालेली झोप. या प्रकारातले मुख्य पात्र बऱ्याचदा राखणदार असते. त्याला ठेवलेले असते इमारतीवर, दिव्यावर किंवा घरावर लक्ष ठेवायला, आणि हाताबाहेर जाते ते त्याचे स्वतःचे मन. रात्र-रात्र पिकाची राखण करणाऱ्या विदर्भातल्या माणसाला ही मांडणी परकी वाटायचे कारण नाही.

या प्रकाराची सुरुवात बहुधा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) या जर्मन मूकपटापासून सांगतात. त्यातली घरे, रस्ते, सावल्यासुद्धा वाकड्यातिकड्या रंगवलेल्या आहेत. गोष्ट सांगणारा स्वतःच वेड्यांच्या इस्पितळात आहे, हे शेवटी कळते. हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) आणि पोलान्स्कीचा ‘रिपल्शन’ (१९६५) यांनी भीती वाड्यातून उचलून साध्या खोलीत आणली. ‘रिपल्शन’मधली तरुणी बहीण सुटीवर गेल्यावर लंडनच्या फ्लॅटमध्ये एकटी उरते; भिंतींना तडे जातात, ताटातला सोललेला ससा सडत जातो, आणि दिवस किती गेले ते त्या सशावरून कळते. क्युब्रिकच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) हिवाळ्यात बंद पडलेल्या डोंगरातल्या हॉटेलची राखण करायला एक लेखक बायको-मुलासह राहतो. तो रोज टाइप करत बसतो. एक दिवस बायको कागदांची ती चळत चाळते, तर पानामागून पान एकच वाक्य. पुढे तो कुऱ्हाड घेऊन घरच्यांच्या मागे लागतो, त्यापेक्षा रक्ताचा थेंब नसलेला हा प्रसंग जास्त भिववतो. ‘द लाइटहाउस’ (२०१९) दीपगृहावरच्या दोन राखणदारांचा. कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी चौकटीत बसवलेला, त्यामुळे पडद्यावरही हातपाय पसरायला जागा नाही.

एकांतात मन असे का वागते, याचा एक गाजलेला प्रयोग कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन नुसते पडून राहायला सांगितले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याची नळकांडी, कानांवर एकसुरी घरघर. बहुतेक जण दोन-तीन दिवसांपलीकडे टिकले नाहीत. आधी ठिपके आणि रेघा दिसू लागल्या, मग आख्खी दृश्ये. एकाला खांद्यावर पिशव्या टाकून ओळीने चाललेल्या खारी दिसल्या. बाहेरून काहीच येत नसले की मेंदू स्वतःच काहीबाही पुरवू लागतो. भयपटातली लांबलेली शांतता आणि कुठून येते ते न कळणारी घरघर प्रेक्षकावर थोड्या प्रमाणात हेच करतात.

पाश्चात्त्य चित्रपटांत एकांत बहुतेक चार भिंतींचा असतो. विदर्भात तो उघड्यावरचा आहे. पीक हाती यायच्या दिवसांत रानडुक्कर, रोही (नीलगाय) आणि हरणांपासून वावर वाचवायला माणूस जागलीला जातो. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी टॉर्च. कुठे रिकामा डबा दोरीने टांगलेला असतो. माळ्यावर पडल्या-पडल्या दोरी ओढली की वावराच्या दुसऱ्या टोकाला खडखडाट होतो. आता धुऱ्यावर (बांधावर) जनावराला विजेचा हलका झटका देणारी झटका मशीनची तार आली, म्हणून जागल सुटली असे नाही. शिवाय शेतीची वीज रात्रपाळीची असली की ओलितासाठी जावेच लागते. डिसेंबरात तूर डोक्याच्या वर गेलेली असते. तिच्यात सळसळ झाली तर ते डुक्कर असेल, वारा असेल किंवा काहीच नसेल. ताडोबाच्या भोवतालच्या किंवा यवतमाळच्या जंगलपट्ट्यात तो वाघही असू शकतो. १३ माणसांच्या मृत्यूंशी नाव जोडली गेलेली टी-१ ऊर्फ अवनी वाघीण नोव्हेंबर २०१८मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मारली गेली; तोवर त्या भागात अंधारातल्या प्रत्येक आवाजाला तिचेच नाव होते. भास की खरे, हा या चित्रपटांचा आवडता प्रश्न इथे करमणुकीचा राहत नाही. भास समजून दुर्लक्ष केले आणि वाघ निघाला, तर संपले.

रात्री ओळखीच्याच शिवारात माणूस फिरत राहतो, वाट सापडत नाही आणि पहाटे तो निघाल्या जागीच उभा असतो. याला गावात चकवा लागला म्हणतात. २००९मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जर्मनीच्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे सरळ गेली. ढग आले की गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. चकव्याला भूत लागत नाही, ढगाळ रात्र पुरते. ‘द शायनिंग’च्या शेवटी बर्फातल्या झुडपांच्या चक्रव्यूहात बाप अडकतो, तो चकवाच म्हणायचा.

खेड्यात हा प्रकार उशिरा पोचला, आणि त्याचे कारण भाषेपेक्षा पाहण्याच्या पद्धतीत आहे. गणपतीत चौकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे लावले जात, तेव्हा रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) बरोबर चालत. चादरी घेऊन बसलेले आख्खे गाव, किंचाळ्यांवर शिट्ट्या, मागून कोणीतरी मुद्दाम पाठीत मारलेली थाप. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके तर रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. तिथे प्रेक्षक एकटा पडत नाही आणि पडू दिलाही जात नाही. मानसिक भयपटाला मात्र एकटाच प्रेक्षक लागतो. तो २०१६नंतर डेटा स्वस्त झाल्यावर मिळाला : कानात इअरफोन, हातात मोबाइल. कुजबुज, श्वास, फरशीवरचे पाऊल हे सगळे इअरफोनमध्येच नीट ऐकू येते. माळ्यावर बसून असला सिनेमा पाहणारी पोरेही आहेत. त्यांच्या हिमतीला दाद द्यावी, पण जागल कोण करते हा प्रश्न उरतोच.

हिंदीत राम गोपाल वर्मांचा ‘कौन’ (१९९९) या प्रकाराचा चोख नमुना : पाऊस, एक घर, तीन पात्रे, गाणे एकही नाही. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) भुताची भीती आणि मनाचा आजार यांची सांगड घालतो. लोकांच्या लक्षात त्यातली गाणी जास्त राहिली. ‘लपाछपी’ (२०१७) उसाच्या फडात घडतो. हिंदीत त्याचा ‘छोरी’ (२०२१) झाला. ऊस भिंतीसारखा दाट, म्हणून तो फड कोंडवाड्यासारखा वाटतो. कोरडवाहू विदर्भात तूर सोडली तर तशी भिंत नाही. पऱ्हाटी (कपाशी) कमरेला लागते, तिच्यावरून दूरवर सगळे दिसते, आणि मदतीला येईल असे मात्र कोणी दिसत नाही. ही भीती टिपायला वेगळा कॅमेरा लागेल.

तो जवळपास सापडतो सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९). हा भयपट नाही, त्याला कोणी तसे म्हणतही नाही. वऱ्हाडी बोलीतला, काळ्या विनोदाचा, शेतकरी कुटुंबाचा चित्रपट. गावात एका शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात येते की आपला नवराही (गिरीश कुलकर्णी) तेच करेल. ती त्याला एकटे सोडत नाही, मुलाला त्याच्या मागे पाठवते. इथे राखणदार बायको आहे आणि राखायचा तो नवरा. त्याला वावरातून यायला उशीर झाला, तो गप्प बसला, एवढ्यानेही प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. भयपटाची सगळी यंत्रणा इथे भुताशिवाय चालते, आणि अनेक घोषित भयपटांपेक्षा चांगली चालते.

या प्रकारावरचा मोठा आक्षेप असा की त्यातला मनोरुग्ण हटकून हातात सुरा घेतो. वास्तवात मनोरुग्ण दुसऱ्यांना मारण्यापेक्षा स्वतःच मार खाण्याची शक्यता अधिक. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने (२००४) छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) असलेला माणूस घरातला माणूस म्हणून दाखवला, तो याच कारणाने वेगळा ठरतो. खेड्यात दुसरीही अडचण आहे. झोप उडणे, एकटेच बोलणे, जेवण टाकणे याला ‘बाहेरचं लागलं’ हे उत्तर तयार असते, आणि भयपट त्या उत्तराला चित्र पुरवतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. मेळघाटातून किंवा सिरोंच्याहून तिथे पोचायला दिवस मोडतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात म्हणूनच गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवून घरोघर पाठवले गेले. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तिथे दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते.