कार्यस्थळी मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रम

विद्यापीठांनी वा अन्य संस्थांनी इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवलेले, प्रवेशपात्रतेची अट नसलेले आणि निदान आरंभी तरी विनाशुल्क असलेले अभ्यासक्रम कर्मचाऱ्यांच्या कामाशी निगडित शिक्षणासाठी वापरण्याची पद्धती. अशा अभ्यासक्रमांस ‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. त्यांचा वापर मुख्यतः तीन वाटांनी होतो. कर्मचारी स्वतःहून नाव नोंदवतो आणि कार्यालयाला त्याचा पत्ताही नसतो, ही पहिली वाट. तिची नोंद सर्वांत कमी राहते, हे ओघानेच आले. दुसऱ्या वाटेत प्रशिक्षण विभाग बाहेरचे तयार अभ्यासक्रम निवडतो आणि त्यांचे शुल्क भरतो किंवा त्यांसाठी वेळ मोकळा करून देतो. तिसरीत आस्थापना स्वतःच अभ्यासक्रम तयार करून तो जगाला खुला करते. प्रशिक्षणविषयक लिखाणात या तिन्ही वाटा बऱ्याचदा एकाच नावाखाली येतात. त्यांचे अर्थकारण मात्र एकमेकांपासून फार वेगळे आहे.

उगम : या अभ्यासक्रमांचा आरंभ केव्हापासून धरावा याविषयी एकमत नाही. संज्ञेपुरते पाहिल्यास २००८ हे वर्ष बहुतेकांना मान्य आहे. त्या वर्षी कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी ‘कनेक्टिव्हिझम अँड कनेक्टिव्ह नॉलेज’ हा अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरणारे विद्यार्थी २५च्या आसपास होते, तर इंटरनेटवरून विनाशुल्क सहभागी झालेल्यांची संख्या २,२००च्या घरात होती. या अभ्यासक्रमाच्या संदर्भात डेव्ह कॉर्मिए यांनी ही संज्ञा सुचवली. ब्रायन अलेक्झांडर यांचेही नाव तिच्याशी जोडले जाते.

संज्ञा बाजूला ठेवून रचनेकडे पाहिले, तर डेव्हिड वायली यांनी २००७मध्ये युटा स्टेट विद्यापीठात विकीच्या, म्हणजे वाचकांनाही संपादता येणाऱ्या संकेतस्थळाच्या, आधारे चालवलेला अभ्यासक्रम आणि ॲलेक कूरोस यांचा रिजायना विद्यापीठातील अभ्यासक्रम त्याआधीचे ठरतात. प्रशिक्षणक्षेत्रातून आलेले काही लेखक अग्रमान ‘ॲलिसन’ या आयर्लंडमधील संकेतस्थळाला देतात. माइक फीरिक यांनी ते २००७मध्ये सुरू केले आणि त्यावरील विनाशुल्क पाठांचा भर रोजगारोपयोगी कौशल्यांवर होता. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाने २००१मध्ये जाहीर केलेला ‘ओपनकोर्सवेअर’ उपक्रम मात्र पूर्वसूरी म्हणूनच धरणे योग्य. त्यात पाठ्यसामग्री खुली झाली, पण वेळापत्रक, स्वाध्यायतपासणी आणि सहाध्यायी यांतले काहीच नव्हते.

दुसरा पक्ष आरंभ २०११च्या उत्तरार्धात ठेवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली आणि सुमारे २३,००० जणांनी तो पूर्ण केला. त्याच सुमारास अँड्र्यू एंग यांचा यंत्रशिक्षणाचा आणि जेनिफर विडम यांचा विदासंचांचा असे आणखी दोन अभ्यासक्रम तेथूनच खुले झाले. त्यांच्या पाठोपाठ २०१२मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स ही व्यासपीठे उभी राहिली. वर्षअखेरीस ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने फ्यूचरलर्न जाहीर केले. पुढे फ्रान्स, स्पेन, जर्मनी, चीन आणि भारत येथेही राष्ट्रीय वा खाजगी व्यासपीठे निघाली.

डाउन्स यांनी २००८च्या आणि २०११च्या या दोन प्रवाहांना अनुक्रमे ‘सी-मूक’ आणि ‘एक्स-मूक’ अशी नावे दिली आणि ती रुळली. पहिल्यात सहभागी मंडळी आपापल्या जागी लिहितात, एकमेकांचे लेखन जोडतात आणि त्या देवाणघेवाणीतूनच अभ्यासक्रमाचा आशय घडतो. दुसऱ्यात छोट्या चित्रफिती, यंत्राने तपासल्या जाणाऱ्या चाचण्या आणि ठरलेला क्रम असतो. कार्यस्थळी वापरापुरते बोलायचे तर वंशावळ २०११पासून धरणे अधिक ग्राह्य वाटते, कारण आस्थापनांनी जे उचलले ते जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या प्रकारचे आहे. यात थोडा विरोधाभासही आहे. कामावरचे शिक्षण प्रत्यक्षात शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला विचारत, दुसऱ्याच्या चुका पाहत होते आणि ते पहिल्या प्रकाराला जवळचे आहे. परंतु त्या प्रकारात कोण काय शिकले याचा तक्ता काढता येत नाही, आणि प्रशिक्षण विभागाला तक्ता लागतो.

अर्थशास्त्रीय बाजू : सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य आस्थापनेने स्वखर्चाने का शिकवावे, हा प्रश्न या अभ्यासक्रमांहून जुना आहे. गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धान्तानुसार विशिष्ट कौशल्य, म्हणजे त्याच आस्थापनेत उपयोगी पडणारे, शिकवण्यात मालकाला रस असतो. सर्वसाधारण कौशल्याचा खर्च मात्र स्पर्धात्मक श्रमबाजारात कर्मचाऱ्यालाच सोसावा लागतो, कमी वेतनाच्या रूपाने का होईना. शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. मुक्त अभ्यासक्रम जवळजवळ व्याख्येनेच सर्वसाधारण कौशल्याचे असतात. शिवाय त्यांचे प्रमाणपत्र बाहेरच्या कोणालाही दिसते, त्यामुळे बेकर यांचा आक्षेप येथे अधिकच लागू पडायला हवा.

प्रत्यक्षात आस्थापना पैसे मोजतात. याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. दारोन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफेन पिश्के यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले की, श्रमबाजार अपूर्ण असल्यास आणि वेतनातील फरक उत्पादकतेतील फरकापेक्षा आकुंचित असल्यास सर्वसाधारण प्रशिक्षणही मालकाला परवडते. पीटर कॅपेली यांनी २००४च्या सुमारास शिक्षणशुल्काच्या परताव्याच्या योजनांवर लिहिताना वेगळा मुद्दा मांडला : अशा सवलती मुळातच अधिक होतकरू माणसे ओढून आणतात आणि टिकवून धरतात. मुक्त अभ्यासक्रमांना दुसरे स्पष्टीकरण चपखल बसते. आशयाचा खर्च अल्प असल्याने आस्थापनेची जोखीमही अल्प राहते. खरा खर्च कर्मचाऱ्याच्या तासांचा असतो आणि पहिल्या वाटेत तो कर्मचारीच उचलतो. पहिल्या वाटेचे लोक बहुधा आधीच शिकलेले असतात. कोर्सेरावरील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांतील नोंदणीकृतांच्या २०१३मधील सर्वेक्षणात चार-पंचमांशांहून अधिक जण महाविद्यालयीन पदवीधारक निघाले. सुमारे ४४ टक्क्यांनी आपले काम अधिक चांगले करता यावे हा हेतू सांगितला.

मालकांच्या बाजूने झालेली आरंभीची पाहणी अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील १०३ आस्थापनांची आहे. २०१४मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मनुष्यबळ विभागांपैकी जेमतेम एक-तृतीयांशांनी या अभ्यासक्रमांचे नाव ऐकले होते. कल्पना समजावून दिल्यावर मात्र बहुतेकांनी तिचे स्वागत केले. ऐकताक्षणी दिलेल्या अशा पसंतीवर फार भार टाकू नये.

पूर्ण करण्याचे प्रमाण : या विषयावरील सर्वाधिक शाई येथे खर्च झाली आहे. केटी जॉर्डन यांनी २०१४मध्ये केलेल्या संकलनात प्रत्येक अभ्यासक्रमामागे सरासरी ४३,००० नोंदणी आणि ६.५ टक्के पूर्णता आढळली. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हालिएंते यांनी एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडएक्सवरील नोंदी तपासून २०१९मध्ये दिलेले आकडे अधिक उद्बोधक आहेत. २०१७-१८ या वर्षात सर्व नोंदणीकृतांपैकी ३.१३ टक्केच शेवटापर्यंत पोहोचले. मात्र प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून ओळख पडताळून घेतलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. नोंदणी करणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोक अभ्यासक्रमाच्या आत एकदाही शिरले नाहीत. भाजक कोणता धरावा यावर निष्कर्ष असा पालटतो.

कार्यस्थळाच्या दृष्टीने हा मापदंडच वादग्रस्त आहे. एखाद्या विश्लेषकाला दहा आठवड्यांपैकी चौथ्या आठवड्यातील सांख्यिकी कसोटीच हवी असेल, तर तेवढी शिकून तो निघून गेल्यास त्याचे काम झाले. गणनेत तो गळतीत जमा होतो. उलट प्रमाणपत्र हाती आले म्हणजे शिकलेले कामात उतरले असेही नाही. कॉलिन मिलिगन आणि ॲलिसन लिटलजॉन यांनी हार्वर्डच्या, औषधोपचारांच्या रुग्णांवरील चाचण्यांविषयीच्या (क्लिनिकल ट्रायल्स) अभ्यासक्रमातील व्यावसायिकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत असे दिसले की, अनुभवी मंडळीही दिलेले पाठ आणि चाचण्या उरकण्यावर लक्ष देत होती. आपल्या रोजच्या कामाशी सांधा जोडण्यास अभ्यासक्रमाची रचना त्यांना फारशी प्रवृत्त करत नव्हती. स्वतःचे ध्येय ठरवून शिक्षणाला वळण देणे, म्हणजे स्वनियंत्रित अध्ययन, ज्यांना जमते त्यांनाच अधिक लाभ होतो, असे या दोघांच्या पुढील लेखनाचे सूत्र आहे. पूर्णतेच्या टक्केवारीपेक्षा हा मार्ग अधिक फलदायी दिसतो.

मुक्ततेचा संकोच : युडॅसिटीने २०१३पासून आपला रोख विद्यापीठीय विषयांकडून उद्योगांसाठीच्या प्रशिक्षणाकडे वळवला. त्याच वर्षी जॉर्जिया टेक हे विद्यापीठ आणि एटीअँडटी ही दूरसंचार कंपनी यांच्यासह संगणकशास्त्राची स्वस्त ऑनलाइन पदव्युत्तर पदवी जाहीर झाली आणि जानेवारी २०१४मध्ये ती सुरू झाली. शिक्षण अल्पमोली झाले, पण प्रवेशाची चाळणी परतली. कोर्सेराने २०१६मध्ये आस्थापनांसाठी स्वतंत्र सेवा काढली. गुण मिळणारे स्वाध्याय त्याच सुमारास अनेक अभ्यासक्रमांत शुल्क भरणाऱ्यांपुरतेच राहिले. एडएक्स २०२१मध्ये टू-यू या कंपनीकडे गेले आणि युडॅसिटी २०२४मध्ये अ‍ॅक्सेंचरने घेतली. आस्थापनेचा पैसा जसजसा आला तसतसे ‘मुक्त’ हे विशेषण सैल होत गेले, असे या घडामोडींवरून म्हणता येते. काही अभ्यासक मर्यादित प्रवेशाच्या अभ्यासक्रमांना ‘स्पॉक’ (स्मॉल प्रायव्हेट ऑनलाइन कोर्स) हे आर्मांडो फॉक्स यांनी रूढ केलेले वेगळे नाव देतात आणि आस्थापनांतर्गत वर्गांना तेच लावावे असे सुचवतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते सोयीचे आहे.

तिसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण म्हणजे एसएपी या जर्मन कंपनीने २०१३मध्ये हासो प्लॅटनर संस्थेच्या तंत्रज्ञानावर सुरू केलेले ‘ओपनएसएपी’. त्यावर कर्मचाऱ्यांबरोबर ग्राहक आणि भागीदार कंपन्यांतील लोकही शिकले. आपल्याच उत्पादनाचे ज्ञान बाजारात पसरवल्याने एरवी विशिष्ट ठरणारे कौशल्य सर्वसाधारण बनते आणि तसे होण्यातच कंपनीचा लाभ असतो. बेकर यांच्या विभागणीत हे उदाहरण सहजी बसत नाही.

तांत्रिक जोडणी : एडएक्सची प्रणाली २०१३पासून मुक्तस्रोत असल्याने आस्थापनांना ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. बाहेरच्या अभ्यासक्रमातील प्रगती कार्यालयीन शिक्षणव्यवस्थापन प्रणालीत आणण्यासाठी ‘स्कॉर्म’ हे ऑनलाइन पाठांच्या बांधणीचे आणि नोंदीचे जुने मानक अपुरे पडते. त्यासाठी बाहेरची शैक्षणिक साधने प्रणालीला जोडणारे ‘एलटीआय’ आणि शिकण्याच्या कृतींची नोंद पाठवणारे २०१३मधील ‘एक्सएपीआय’ ही मानके वापरतात. अशी नोंद वरिष्ठांपर्यंत पोहोचते हे कळल्यावर चाचणीत नापास होण्याची मोकळीक राहत नाही, ही तक्रार रास्त आहे.

क्षेत्रनिहाय पाहता उपलब्ध लिखाण माहिती-तंत्रज्ञान, विदाविश्लेषण, व्यवस्थापन आणि आरोग्यसेवा यांभोवती केंद्रित आहे. लहान उद्योग, कारखान्यातील हातकाम आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील अभ्यासक्रम यांविषयी ते विरळ आहे.

वेळेची गणना : अभ्यासक्रमाचे तास कामाचे धरायचे की खाजगी, याची उत्तरे कायद्यानुसार बदलतात. युरोपीय संघाच्या २०१९च्या पारदर्शक कार्यशर्तींविषयीच्या निर्देशानुसार, कायद्याने वा सामूहिक कराराने मालकावर बंधनकारक असलेले प्रशिक्षण कर्मचाऱ्यास विनामूल्य द्यावे लागते. ते कामाचा वेळ म्हणून गणले जाते आणि शक्यतो कामाच्या तासांतच व्हावे लागते. कर्मचाऱ्याने स्वतःहून घेतलेला मुक्त अभ्यासक्रम या तरतुदीच्या बाहेर राहतो. वरिष्ठांनी ‘करून टाका’ असे नुसते तोंडी सुचवलेला अभ्यासक्रमही, बंधनाचा लेखी आधार नसल्यास, बहुधा त्याच बाजूला पडतो.