‘अनुमान’ म्हणजे नेमके काय? सीसॅटच्या उताऱ्यांची पार्श्वभूमी

वाचन हा तर्काचाच प्रकार आहे, असे एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१७ साली शाळकरी मुलांची उत्तरे तपासून मांडले होते. आपल्याकडच्या उमेदवारांना त्याची झळ लागली ती २०११ मध्ये. तोवर नागरी सेवा पूर्वपरीक्षेत १५० गुणांचे सामान्य अध्ययन आणि ३०० गुणांचा वैकल्पिक विषय असे. वैकल्पिक गेला, २०० गुणांचा सीसॅट, म्हणजे आकलन आणि तर्क तपासणारा पेपर, आला. राज्याच्या लोकसेवा आयोगानेही २०१३ मध्ये तीच वाट धरली आणि उताऱ्यांवरच्या प्रश्नांना पेपरात सर्वांत मोठा वाटा दिला.

खरा गुंता शब्दाचा. उताऱ्यावरून काढायच्या ‘इन्फरन्स’ला कुणी अनुमान म्हणते, कुणी निष्कर्ष. न्याय या भारतीय तर्कदर्शनात डोंगरावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते. तिथे शंकेला जागा नाही. बोलीत मात्र अनुमान म्हणजे अंदाज. ‘निष्कर्ष’ म्हटले की मुले उताऱ्याचे शेवटचे वाक्य शोधू लागतात. परीक्षेला हवे असते ते या दोन्हींच्या मधले : लिहिलेले नाही, पण लिहिलेले खरे मानले तर नाकारता येत नाही असे.

समजा उताऱ्यात आहे, ‘तालुक्यातल्या विहिरी खोल गेल्या, तरी उसाचे क्षेत्र वाढले, म्हणून ठिबक सक्तीचे करावे.’ घटत्या पाण्यामुळे उसाची वाढ थांबली नाही, हे अनुमान. ठिबकने पाणी वाचते, हे लेखकाचे गृहीतक. आणि कारखाना जवळ असल्याने ऊस वाढला, हे उताऱ्याबाहेरचे ज्ञान. ऊसपट्ट्यातला मुलगा नेमका तिसरा पर्याय निवडतो, कारण ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. केंद्रीय परीक्षेत चूक उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा.

२०१४ च्या सीसॅटविरोधी आंदोलनात गाजले ते इंग्रजीचे प्रश्न आणि भाषांतर. ‘स्टील प्लांट’चे हिंदीत झाड झाल्याचे उदाहरण तोंडोतोंडी होते. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत धरले नाहीत, आणि २०१५ पासून पेपर केवळ पात्रतेपुरता झाला, त्यात ३३ टक्के गुण मिळाले की पुरे. राज्यात हाच निर्णय व्हायला २०२२ उजाडले. मधल्या वर्षांत भाषा आणि कला शाखेच्या कित्येकांची पूर्वपरीक्षा याच पेपरात अडली. हा उशीर समर्थनीय वाटत नाही. पात्रतेपुरता म्हणून पेपर सोपा झाला असेही नाही. २०२३ चा केंद्रीय पेपर इतका जड गेला की ३३ ची अट २३ वर आणावी, अशी मागणी झाली.

राज्यात पहिली उत्तरतालिका आली की हरकती मागवतात. इतिहासाच्या प्रश्नाला पुस्तकाचे पान जोडता येते. अनुमानाच्या प्रश्नाला पुरावा म्हणून जोडायचा तो पुन्हा तोच उतारा.