आईचा मेसेज आणि आईचा फोन : शरीराला फरक कळतो

माझी आई साताऱ्याला आणि मी पुण्यात. दोन-अडीच तासांचा तर रस्ता, पण मधे काही महिने असे गेले की आमचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवरच चाललेलं. सकाळी तिचा सुप्रभातचा फोटो, दुपारी "जेवलीस का?", त्यावर माझा अंगठा, झालं. एका पावसाळ्यात तीन दिवस मी विचारत होते बरी आहेस ना, आणि ती लिहीत होती "हो गं, ठीक आहे". चौथ्या दिवशी फोन लावला तर तिच्या नुसत्या "हॅलो"वरनंच कळलं की हिला चांगलाच ताप आहे. खूप वाईट वाटलं मला. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि त्यात एक प्रयोग असा सापडला की तो सगळ्यांना सांगावासा वाटतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन युनिव्हर्सिटीत लेस्ली सेल्ट्झर, सेथ पोलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुलींना अनोळखी माणसांसमोर उभं करून भाषण द्यायला लावलं आणि वर गणितंही सोडवायला लावली. घाबरणारच ना पोरी. अशा वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त सुटतं, ते लाळेत मोजता येतं. मग काही मुलींना आईने जवळ घेऊन धीर दिला, काहींशी आई फक्त फोनवर बोलली, आणि उरलेल्यांना आई भेटलीच नाही, त्यांना एक साधीशी फिल्म दाखवली. ज्यांना आई भेटली त्यांचं कॉर्टिसॉल लवकर उतरलं आणि ऑक्सिटोसिन वाढलं (आई बाळाला दूध पाजते तेव्हाही हेच हार्मोन काम करत असतं). पण फोनवाल्या मुलींचंही जवळजवळ तसंच झालं! म्हणजे स्पर्श नाही, चेहरा नाही, फक्त आवाज, आणि तरी शरीर शांत झालं. हे २०१० साली छापून आलं.

दोन वर्षांनी त्याच टीमने त्यात मेसेजवाला गट घातला. आई तीच, धीर देणं तेच, पण टाइप करून. त्या मुलींचं ऑक्सिटोसिन वाढलं नाही आणि कॉर्टिसॉल तर आई न भेटलेल्या मुलींइतकंच चढलेलं राहिलं. मी हे दोनदा वाचलं. प्रयोग लहान होता आणि फक्त मुलींवर होता, त्यामुळे सगळ्या माणसांना जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरं, पण आपण मुलांना हॉस्टेलवर पाठवतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "टेन्शन घेऊ नको" असं लिहून पाठवतो तेव्हा ते पोचतं किती, याचा विचार करायला पाहिजे.

व्हिडिओ कॉल बरा, पण त्यातही थोडं अडखळायला होतं. २००९ साली जगातल्या १० भाषांमधलं प्रश्न-उत्तरांचं बोलणं तपासलं होतं, तर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढंच अंतर निघालं. नेट जरा अडकलं की तो ताल मोडतो, मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि अर्ध्या तासाने थकायला होतं.

सगळ्यांना फोन करत बसायला वेळ कुठंय, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या म्हणण्यानुसार माणूस साधारण १५० जणांशीच खरी ओळख टिकवू शकतो, त्यातले अगदी जिवाभावाचे ५ आणि जवळचे धरून १५, आणि या १५ जणांवरच आपला माणसांसाठीचा निम्म्याहून जास्त वेळ जातो. शाळा सोडून कॉलेजला गेलेल्या मुलामुलींवर त्यांनी आणि सॅम रॉबर्ट्स यांनी १८ महिने लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की घरची नाती तशीच राहिली, मैत्री मात्र संपर्क कमी झाला की पातळ होत गेली. आणि मुलींची मैत्री बोलण्याने टिकत होती, मुलांची नुसत्या बोलण्याने नाही, त्यांना एकत्र काहीतरी करावं लागायचं, खेळणं, भटकणं असं काहीतरी. माझ्या नवऱ्याचे क्रिकेटचे मित्र ग्रुपवर दिवसभर बोलत असूनही एकमेकांपासून लांब का गेले ते मला यातनं समजलं.

म्हणून मी ग्रुपवरच्या दोनशे लोकांना मेसेजच ठेवलाय. आईला मात्र संध्याकाळी फोन लावते आणि पोळ्या लाटताना स्पीकरवर ठेवते, ती तिकडे भाजी निवडत असते. कधी कधी बोलण्यासारखं काही नसतं, मग तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहतात आणि मधेच ती विचारते, "आहेस ना गं?"