तिरंदाजांचा नेम जनावरावर

अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांच्या फौजांत तिरंदाज नेहमी असत, पण समोरच्या पायदळाची फळी फोडणं हे त्यांचं काम नव्हतं. मॅसिडोनियन फॅलँक्स, म्हणजे भालाईत पायदळाची दाट फळी, साधारण 16 रांगा खोल असे. पहिल्या पाच रांगांचे सारिसा, म्हणजे सहा मीटरच्या आसपास लांबीचे भाले, पुढे रोखलेले. मागच्यांचे तिरपे वर धरलेले. वरून येणारी अस्त्रं या भाल्यांच्या दाटीतच अडतात, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. उरलेले बाण ढालीवर आणि चिलखतावर. अशा फळीवर भाते रिकामे करून फार काही साधत नसे.

घोडा किंवा हत्ती मात्र मोठं लक्ष्य, आणि तो जखमी झाला की शत्रूच्याच अंगावर उलटतो.

मॅग्नेशियाच्या लढाईत (इ.स.पू. 190-189चा हिवाळा) सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस तिसरा याने डाव्या बगलेपुढे चार घोड्यांचे, पाती लावलेले रथ उभे केले होते. रोमच्या बाजूने लढणाऱ्या पर्गममच्या राजाने, युमेनीसने, त्यांच्यावर क्रीटचे तिरंदाज, गोफणवाले आणि भालाफेके सोडले. हुकूम असा, की घोळक्याने जायचं नाही, पांगून चहूबाजूंनी मारा करायचा, आणि तोही सारथ्यावर नव्हे, घोड्यांवर. चारांतला एक घोडा बिथरला तरी रथ निकामी होतो, शिवाय शेजारच्या रथांची रांग मोडते. पांगलेली माणसं पात्यांच्या तावडीत सापडतही नाहीत. रथ मागे फिरले, त्यांच्या गोंधळात बगल उघडी पडली. अँटिओकसच्या जड चिलखतातल्या घोडेस्वारांना तर धड पळताही येईना.

हत्तींच्या बाबतीत नेम माहुतावर. गाझाच्या लढाईत (इ.स.पू. 312) अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनसचा मुलगा डेमेट्रियस याच्याकडे 43 हत्ती होते. इजिप्तचा शासक टॉलेमीच्या माणसांनी साखळ्यांनी जोडलेले लोखंडी खिळे पुढे अंथरले आणि अडकलेल्या हत्तींवर बाण-भाल्यांचा वर्षाव केला. बहुतेक माहूत मारले गेले (ग्रीक इतिहासकार डायोडोरस त्यांना भारतीयच म्हणतो) आणि सगळे हत्ती पकडले गेले. याच कारणाने स्वतःच्या हत्तींमधल्या मोकळ्या जागा तिरंदाज-गोफणवाल्यांनी भरण्याची पद्धत होती. गाझाला डेमेट्रियसनेही ती पाळली होती, पण खिळ्यांपुढे तिचा उपयोग झाला नाही.

तिरंदाजाचं दुबळेपण उघड आहे. धनुष्य ओढायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे बाण सोडताना ढाल पेलता येत नाही. मोकळ्या मैदानात घोडेस्वार अंगावर आले की मागे सरकायला आपल्या पायदळात फट हवी, नाहीतर कत्तल ठरलेली. जमीनही दगा देते. झेलमच्या काठी (इ.स.पू. 326) पोरसच्या तिरंदाजांची धनुष्यं जवळजवळ माणसाच्या उंचीची होती. एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबायचं आणि मग दोरी ओढायची, अशी त्यांची रीत. रोमन इतिहासकार कर्टियस सांगतो, की त्या दिवशी जमीन निसरडी होती. टोक रोवताच येईना. उलट अलेक्झांडरने पोरसच्या डाव्या बगलेवर सुमारे 1000 घोडेस्वार तिरंदाज सोडले, त्यांना टेकायला जमीन लागतच नव्हती.

डोंगरात मात्र सगळी लढाई याच हलक्या तुकड्यांच्या हाती जाई. इ.स.पू. 209 मध्ये अँटिओकस तिसरा उत्तर इराणमधल्या एल्बुर्झ पर्वताची खिंड चढत असताना शत्रू कड्यांवरून दगड ढकलत होता. अँटिओकसचे तिरंदाज, गोफणवाले आणि डोंगरी भालाफेके रस्ता सोडून कडे चढले, शत्रूच्याही वर पोहोचले आणि तिथून मारा केला. खाली वाट साफ करणाऱ्यांमागून मुख्य सैन्य सरकत राहिलं आणि आठव्या दिवशी माथ्यावर पोहोचलं.