स्टुडिओ छायाचित्रणाचे डिजिटलीकरण (ठाणे)

ठाण्यात स्टेशन परिसर, नौपाडा आणि गोखले रोडच्या पट्ट्यातील फोटो स्टुडिओंमध्ये फिल्मच्या रोलची जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली, ती मुख्यतः २००० नंतरच्या दशकात. या स्थित्यंतराचे श्रेय सहसा कॅमेऱ्याला दिले जाते. धंद्याच्या अंगाने पाहिले तर ते छपाईच्या टोकाकडून आले.

कृष्णधवल काळात स्टुडिओवाला फोटो स्वतःच धुवत असे. मागच्या डार्करूममध्ये फोटो मोठा करणारा एन्लार्जर, चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते पक्के करणाऱ्या हायपोचे ट्रे असत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रण, सुरकुत्या सौम्य करणारा रिटचर कसबी कारागीर मानला जाई. रंगीत फिल्मने ही मुखत्यारी काढून घेतली. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद अशी काटेकोर राखावी लागते. छोट्या दुकानाला ते झेपणारे नव्हते. रोल लॅबकडे जाऊ लागले. पुढे फुजीच्या फ्रंटियर मिनीलॅबने (छोट्या छपाई यंत्राने, १९९६) निगेटिव्ह स्कॅन करून लेसरच्या साहाय्याने नेहमीच्याच रासायनिक कागदावर प्रिंट काढायची सोय केली. फोटो रोलवर टिपलेला, प्रिंट मात्र डिजिटल. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागायचे कारणच नव्हते.

निकॉन डी-१ (१९९९) हा डिजिटल कॅमेरा साध्या स्टुडिओच्या आवाक्याबाहेर होता. कॅननचा ३००-डी (२००३) आणि निकॉनचा डी-७० (२००४) या सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांनी चित्र बदलले. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३००० पिक्सेलची लांब बाजू १० इंच भरते, त्यामुळे थोडे ताणून ८ बाय १२ इंचांपर्यंत अडचण नव्हती. भिंतीवरच्या २० बाय २४ साठी मात्र १२० चा रुंद रोल आणि त्यावर चालणारे यशिका किंवा मामिया कॅमेरे काही काळ टिकून राहिले. या रोलवर ६ बाय ६ सेंमी आकाराच्या १२ च फ्रेम मिळत, म्हणून बटण दाबण्यापूर्वी निऱ्या, पदर, हनुवटीचा कल सगळे तपासले जाई. तो धाक गेला. लहान मुलांच्या फोटोंचे त्यात भले झाले. मोठ्यांच्या पोझबद्दल तसे म्हणवत नाही.

हातातल्या सवयीही मोडाव्या लागल्या. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सहन करते, डिजिटल कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर करत नाही. रोलच्या हिशेबाने थोडे सढळ एक्स्पोजर दिले की मुंडावळ्या, मोगऱ्याचा गजरा, शालूची जर पांढरीफटक होऊन तपशील कायमचा जाई. फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरमुळे ५० मिमीची लेन्स ७५-८० मिमीसारखी वागू लागली, आणि स्वस्तातली तीच लेन्स अनेकांची पोर्ट्रेट लेन्स झाली.

रंगांची जबाबदारी पूर्वी लॅबमधल्या ऑपरेटरच्या नजरेवर होती, ती स्टुडिओतल्या मॉनिटरवर आली. मॉनिटरचे रंग प्रमाणाशी जुळवून (कॅलिब्रेट करून) घेतलेले नसले की स्क्रीनवर ठीक दिसणारा चेहरा कागदावर लालसर उतरतो. यापेक्षा खटकणारी गोष्ट म्हणजे फोटोशॉपमधले गोरेपण. पेन्सिल व्रण झाकत होती. माऊसने, विशेषतः स्थळासाठीच्या फोटोंत, मुलीचा वर्णच बदलायला सुरुवात केली.

शाई फवारणारा इंकजेट आणि उष्णतेने रंग कागदावर उतरवणारा डाय-सब्लिमेशन या प्रिंटरांमुळे छपाई पुन्हा दुकानात आली, तीही रसायनांशिवाय. पासपोर्ट साइजच्या आठ कॉपी गिऱ्हाईक बाकावर बसलेले असतानाच मिळू लागल्या. लग्नाच्या करिझ्मा अल्बमची (फोटो थेट पानावरच छापलेल्या जाड अल्बमची) १२ बाय ३६ इंची पाने मात्र मोठ्या लॅबकडेच छापली जातात. जुन्या निगेटिव्ह नंबर घातलेल्या पाकिटांत राहत आणि घरातले माणूस गेले की त्यातूनच हार घालायचा फोटो मोठा करून मिळे. सुरुवातीच्या डिजिटल वर्षांतले काम सीडींवर ठेवले गेले. त्यातल्या बऱ्याच सीडी आता वाचल्याच जात नाहीत.

पासपोर्ट फोटोच्या हुकमी कमाईला कात्री लागली ती सरकारी कॅमेऱ्यामुळे. वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचा फोटो तिथेच काढतात, आधार नोंदणीतही तसेच. चार वर्षांखालील मुलांचा फोटो तेवढा बरोबर न्यावा लागतो, त्यामुळे पांढऱ्या पडद्यापुढे तान्ह्या बाळाचे डोळे उघडे असताना फोटो काढून देण्याचे काम स्टुडिओकडे राहिले आहे.